उंबऱ्याआतला कारखाना : भंडाऱ्याच्या कामकरी घरांतलं बालपण

बिडीच्या कट्ट्यावर छाप मालकाची असते. आतल्या पंचवीस बिड्या कुणी वळल्या, त्यांची तोंडं कुणी बंद केली, दोरा कुणी गुंडाळला, हे कुठेच लिहिलेलं नसतं. भंडारा जिल्ह्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या घरात झालं आणि घरात जेवढे हात होते तेवढ्या सगळ्यांनी केलं. त्यातले कितीतरी हात शाळेच्या वयाचे होते.

कामगाराच्या घरातलं बालपण म्हटलं की मराठी वाचकापुढे मुंबईचं गिरणगाव उभं राहतं. चाळ, भोंगा, बापाची पाळी, डब्याची घाई. त्या आयुष्यावर कविता झाल्या, नाटकं झाली; नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी तिथल्या माणसांच्या तोंडूनच तो इतिहास नोंदवून ठेवला. विदर्भात नागपूरला १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, तिच्याभोवतीही वस्त्या वसल्या. भंडाऱ्याच्या वाट्याला अशी मोठी गिरणी आली नाही. इथे बिडी होती, कोष्ट्यांचे माग होते, कासारांची पितळी भांडी होती, तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणी होत्या, आणि या सगळ्याच्या मागेपुढे धानाचा हंगाम. या जिल्ह्याचा कामगारवर्ग फाटकासमोर उभा राहून मोजता येत नाही. तो घरात मांडी घालून बसलेला होता. म्हणून कायदा त्याच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला, संघटना बाहेरच्या पडवीपर्यंत पोचली, लेखक तर बहुतेक रस्त्यावरूनच पुढे गेले. आत वाढणारं पोर कुणाच्याच नोंदीत नीट आलं नाही, हे मला या सगळ्या प्रश्नाचं मूळ वाटतं.

बिडी इथे आली ती रेल्वेमागोमाग. नागपूरहून छत्तीसगडकडे रूळ गेले, वरठीला भंडारा रोड स्टेशन झालं, पुढे तुमसर रोड, गोंदिया. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुजरातेत मोठा दुष्काळ पडला आणि तिकडची पटेल मंडळी कामधंद्यासाठी मध्य प्रांतात उतरली. बिडीला लागणारं तेंदूचं पान इथल्या जंगलात मुबलक होतं, तंबाखू गुजरातेतून गाडीने येऊ शकत होती, आणि मजुरी स्वस्त होती. जबलपूर, सागर, कामठी, गोंदिया असा बिडीचा पट्टा तयार झाला. १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, त्यामुळे जुन्या कागदांत दोन्हींची बिडी एकच आहे.

मजुरी स्वस्त का होती, हे मात्र पानाइतकं सरळ नाही. गिरणीच्या कापडाने हातमाग बसवला होता. पूर्व विदर्भात महार समाजातली कितीतरी घरं जाडंभरडं कापड विणून जगायची. ते कापड बाजारातून उठलं. मोहाडी, आंधळगाव, पवनीच्या कोष्ट्यांकडे बारीक कामाची धोतरं नि रेशीमकाठी लुगडी होती म्हणून ते काही काळ तग धरून राहिले. धानाच्या शेतात रोवणी आणि कापणी सोडली तर भूमिहीनाला काम नसायचं. अशा घरात बिडीचं सुपडं आलं. सुरुवातीला ते रिकाम्या महिन्यांचं काम होतं. हळूहळू तेच मुख्य झालं आणि शेतमजुरी जोडकाम होऊन बसली.

आता ते काम जवळून पाहू. एका घरात बिड्या वळायच्या म्हणजे आदल्या संध्याकाळपासून तयारी. कारखान्यातून आणलेली पानं पाण्यात भिजवायची, निथळायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पान कोरडं राहिलं तर तडकतं, जास्त भिजलं तर काळं पडतं. सकाळी माय फर्मा पानावर ठेवून कैचीने तुकडा कापते. मांडीवर सुपडं, सुपड्यात जर्दा. पानाचा तुकडा डाव्या हातात, चिमूटभर जर्दा त्यात, दोन्ही अंगठ्यांची एक फिरकी, दोरा, आणि मग नखाने किंवा लोखंडी पट्टीने तोंड आत दुमडायचं. सरावलेल्या बाईचा हात सुपड्याकडे न बघता चालतो. पण हजार बिड्या म्हणजे ही सगळी हालचाल हजार वेळा. मजुरीचा भाव हजारावर असतो, आणि चूल, पाणी, धुणं, लहान लेकरू सांभाळून एकट्या बाईला दिवसात हजार गाठणं कठीण.

इथे पोरं येतात. सहा-सात वर्षांचं पोर पानाच्या शिरा काढतं, पुडे सोडतं, दोऱ्याची गुंडी हातात देतं. आठ-नऊचं झालं की तोंडं दुमडतं. बारीक बोटांनी ते काम भराभर होतं. दहा-अकराची मुलगी पूर्ण बिडी वळते. मुलगा थोडा मोठा झाला की टोपली घेऊन कारखान्यात माल पोचवायला जातो. तिथे चेकर बसलेला. तो मूठभर बिड्या उचलतो, दाबून बघतो, जी ढिली, जी वाकडी, जी आखूड ती बाजूला टाकतो. ही छाट. छाटीचे पैसे मिळत नसत, आणि बिडीही बहुतेक ठिकाणी परत मिळत नसे. पान कमी पडलं तर ते आपल्या पैशाने बाजारातून घ्यायचं. आपण वळलेल्या बिड्या परक्या माणसाच्या हाताखालून जाताना त्या पोराला पहिल्यांदा कळतं की मायच्या दिवसभराच्या कष्टाचा हिशोब दुसऱ्याच कुणाच्या बोटांत आहे. शाळेत बेरीज-वजाबाकी शिकायच्या आधी ही वजाबाकी अनेकांनी शिकली.

या पोराच्या कामाला वेगळी मजुरी नव्हती. कार्ड एकाचं, नाव एकाचं, आणि पुष्कळदा तेही घरातल्या पुरुषाचं. मालकाच्या हिशोबात एका माणसाने हजार बिड्या दिल्या. खरं तर तीन-चार जणांनी मिळून दिल्या. हजारी भाव कमी ठेवता आला तो याच कारणाने: सगळ्या घराचं श्रम एका माणसाच्या दरात मिळत होतं. पोरं कामाला लावणाऱ्या आईबापांना दोष देणारे लोक मी पुष्कळ ऐकले आहेत. तो दोष चुकीच्या दारात टाकलेला आहे. भाव ठरवतानाच पोराचे हात गृहीत धरलेले होते.

आता कायद्याकडे येऊ, कारण या प्रश्नावर लेखी असं जे काही आहे त्यातलं बरंचसं कायद्याच्या कागदांतच आहे.

हिंदुस्थानातल्या कामगारांची पाहणी करायला १९२९ साली ब्रिटिश सरकारने एक शाही आयोग नेमला. त्याचा अध्यक्ष जॉन हेन्री व्हिटली. हा माणूस यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावचा, सूतगिरणीवाल्या घरातला, त्याच गावाकडून अनेक वर्षं खासदार राहिलेला आणि पुढे ब्रिटिश संसदेचा सभापती झालेला. त्याच्या मुलखात अर्धवेळ मजुरीची पद्धत कित्येक दशकं चालली. १८४४ च्या कायद्याने आठ वर्षांच्या पोरालाही गिरणीत जाता येत होतं, अट एवढीच की दिवसातले काही तास त्याने शाळेत काढायचे. पोरं सकाळी गिरणीत, दुपारी वर्गात, दुसऱ्या आठवड्यात उलट. वर्गात ती पेंगायची. १९१८ च्या शिक्षण कायद्याने ही पद्धत मोडायचं ठरलं, म्हणजे व्हिटली इकडे आला त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी. हॅलिफॅक्सच्या रस्त्यांवर अशी पोरं त्याने कित्येक वर्षं पाहिली असणारच.

१९३१ च्या अहवालात या आयोगाने बिडीच्या खोल्यांवर कडक शब्दांत लिहिलं. अंधाऱ्या, कोंदट खोल्या, जमिनीवर दाटीवाटीने बसलेली माणसं, मद्रासकडे तर पाच-पाच वर्षांची पोरं, आणि बापाने उचल घेतली म्हणून मालकाकडे गहाण पडलेली. त्यातून १९३३ साली मुलांचं श्रम गहाण ठेवण्याला बंदी करणारा कायदा झाला. १९३७ मध्ये मध्य प्रांताने अनियंत्रित कारखान्यांचा कायदा केला, त्यात बिडी होती. १९३८ चा बालकामगारविषयक कायदा आला, त्याच्या परिशिष्टातही बिडी आली. कागदावर पोर सुटलं.

पण १९३८ च्या कायद्याला एक परंतुक जोडलेलं होतं. मालक मजूर न ठेवता फक्त आपल्या घरच्या माणसांच्या मदतीने काम करत असेल, तर बंदी लागू नाही. हॅलिफॅक्सचं पोर गिरणीच्या फाटकातून आत जात होतं, म्हणून तपासनिसाला ते मोजता आलं आणि एक दिवस थांबवताही आलं. भंडाऱ्याच्या पोराला फाटकच नव्हतं. व्यवहारात घर हा मालकाच्या कारखान्याचाच एक भाग होता, पण कायद्याच्या भाषेत ते स्वतंत्र घर होतं, आणि बापाने मुलीला शेजारी बसवून बिड्या वळायला लावणं ही घरगुती मदत होती. ही पळवाट १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्यात थोड्या वेगळ्या शब्दांत उरली, १९८६ च्या बालकामगार कायद्यात राहिली, आणि २०१६ च्या दुरुस्तीतही शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्याला मदत करायची मुभा म्हणून तिचा अवशेष शिल्लक आहे. ऐंशी वर्षांत एवढे कायदे बदलले, पण उंबरा ओलांडायचं धाडस त्यांतल्या कुठल्याच कायद्याने केलं नाही.

या सगळ्या कागदांत एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. १९४८ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने एक कायदा केला: शेतीच्या हंगामात ठराविक गावांमधल्या लोकांनी बिड्या वळायच्या नाहीत. शेतीला मजूर मिळेनात, धान्याचा तुटवडा, म्हणून हा उपाय. भंडाराही तेव्हा याच प्रांतात होता, पण खटला उभा राहिला तो सागर जिल्ह्यातून. चिंतामण राव नावाचे बिडी कारखानदार आणि एक बिडी मजूर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५० च्या नोव्हेंबरात न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. धंद्याच्या स्वातंत्र्यावरचा हा पहिल्या काही निकालांपैकी एक, म्हणून वकिलीच्या अभ्यासात तो आजही शिकवतात. न्यायालयाने दिलेल्या कारणांतलं एक कारण असं: या सरसकट बंदीमुळे जी माणसं शेतात कामाला येऊच शकत नाहीत अशांची रोजीरोटीही बुडते. त्या माणसांच्या यादीत अपंग होते, म्हाताऱ्या बायका होत्या, आणि मुलंही होती.

घटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात ठेवू नये असं घटनेत लिहिलेलं. आणि त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मुलाने बिड्या वळून कमावणं ही त्याची उपजीविका म्हणून नोंदवावी लागली. मी न्यायाधीशांना बोल लावत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता आणि निकाल योग्यच होता. पण मध्य प्रांतातल्या बिडीच्या घरात मुलाचं स्थान काय होतं, याची इतकी उघड सरकारी कबुली दुसरीकडे मिळणं अवघड आहे.

पुढे साठच्या दशकात वाद असा झाला की बिडी वळणारा हा कामगार आहे की नाही. नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आहे. पुढच्याच वर्षी सिन्नरच्या एका प्रकरणात निकाल उलट गेला. या गोंधळातून १९६६ चा कायदा आला. तो लागू करायची वेळ आली तेव्हा देशभर मालकांनी कारखाने आवरते घेतले आणि काम घराघरांत पाठवलं. केरळात कन्नूरला मालकांनी गाशा गुंडाळला तेव्हा १९६९ साली कामगारांनी दिनेश बिडी ही सहकारी संस्था काढली. तिथे एकजण मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचा आणि बाकीचे वळता वळता ऐकायचे. आपल्याकडे तसं घडलं नाही. ठेकेदार वाढले. १९७७ साली भविष्य निर्वाह निधी बिडीला लागू झाला, आणि घरी बसून वळणाऱ्यालाही तो मिळतो हे पुढे पी. एम. पटेल खटल्यात पक्कं झालं. मालकाचं नियंत्रण कशावरून, तर त्याला बिडी नाकारायचा अधिकार आहे यावरून. ज्या छाटीने घरं नाडली तीच शेवटी पुरावा म्हणून उपयोगी पडली. पण निधी कार्डावरच्या एका नावाला. शेजारी बसून तोंडं दुमडणाऱ्या मुलीचं नाव तिथेही नव्हतं.

बाकीच्या धंद्यांबद्दल इतकं तपशिलात सांगण्यासारखं कमी आहे, तरी ते ओलांडून चालणार नाही. कोष्ट्याच्या घरात माग पुरुषाचा, पण कांड्या भरायच्या त्या बायकांनी आणि पोरांनी. रहाटाची कुरकुर ऐकतच तिथलं लेकरू मोठं व्हायचं. ताणा पसरायचा म्हणजे सगळ्या गल्लीतली पोरं हाताशी लागायची. त्यात निदान कसब हाती यायचं; मुलगा बापाच्या मागावर बसायचा आणि आपण काहीतरी शिकलो असं त्याला वाटायचं. करवती काठाचं टसर लुगडं विणणारी घरं आता मोजकी उरली. कासारवाड्यांतही कारागिरी बापाकडून मुलाकडे जायची, पण भट्टीजवळ लहान पोर बसवणं म्हणजे भाजणं-पोळणं ठरलेलं. स्टील आलं आणि पितळी गुंडी-गंगाळांचं गिऱ्हाईक संपलं, धंदाही संपत आला.

खाणींची गोष्ट वेगळी. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथलं मँगनीज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून निघतंय. उघड्या खाणीत सगळं कुटुंब कामाला: पुरुष फोडणार, बायका टोपल्या वाहणार, मोठं पोर बारीक दगड निवडणार, तान्हं सावलीत बांधलेल्या झोळीत. १९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालच्यांना मनाई केली, १९३५ मध्ये ही मर्यादा पंधरावर गेली. खाणीला हद्द होती, तपासनीस येत होता, म्हणून तिथे कायद्याचा काही उपयोग झाला. १९६२ नंतर खाणी सरकारी कंपनीकडे आल्या, वसाहती झाल्या, शाळा-दवाखाना आला. साठच्या दशकात जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली तेव्हा जिल्ह्यात पहिल्यांदा एक वेगळंच कामगार बालपण दिसलं: क्वार्टर, नळ, बापाला महिन्याचा पगार, पोराला शाळेची बस. धोका तिथेही होताच. २०२५ च्या जानेवारीतल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. पण त्या क्वार्टरमधल्या दहा वर्षांच्या मुलाला आईच्या शेजारी बसून मजुरी पुरी करावी लागली नाही. दोन-चार कोसांच्या अंतरावर दोन बालपणं अशी होती. बापाच्या मजुरीत तेवढा फरक पडला की पोराचं आयुष्य किती बदलतं, हे पाहायला दुसऱ्या देशात जायची गरज नाही.

शाळेचं काय, हा प्रश्न येतोच. मध्य प्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० सालचा. पण सक्ती लावणं स्थानिक संस्थांच्या मर्जीवर होतं. प्रांताचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना काढली, १९३७ सालीच वर्ध्याला नई तालीमची परिषद भरली. मुलाने हाताने काम करावं, त्या कामातूनच शिकावं आणि शाळेचा खर्चही काही अंशी त्यातून निघावा, असं गांधीजींचं म्हणणं. त्या विचाराबद्दल मला आदर आहे. पण बिडीच्या घरातून आलेल्या मुलाला हाताच्या कामाचं अप्रूप काय वाटणार? त्याला शाळा हवी होती ती हात रिकामे ठेवण्यासाठी. हे ओळखलं ते कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी. बिडी मजुरांची संघटना बांधणारा हा तरुण नेता, १९३७ साली प्रांतिक विधिमंडळावर निवडून आलेला, १९३९ मध्ये पस्तिशीतच गेला. 'जय भीम' हा नमस्कार रूढ करण्याचं श्रेय त्यांना देतात. त्यांनी रात्रशाळाही चालवल्या. मजुरीचा भाव आणि रात्रीची शाळा हे एकाच लढ्याचे दोन भाग आहेत, हे त्यांना स्पष्ट दिसलं होतं. पुढच्या संघटनांनी भावाचा लढा नेटाने लढवला, शाळेचा सोडून दिला. ही त्या चळवळीची मोठी उणीव आहे.

भंडाऱ्याच्या दलित वस्त्यांमध्ये शाळेची ओढ आली ती दुसऱ्या वाटेने. १९५४ साली भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. आंबेडकरांनी लढवली. ते हरले. पण त्या प्रचारात ऐकलेलं शिक्षणाबद्दलचं बोलणं आणि दोन वर्षांनी नागपूरला झालेलं धर्मांतर, या दोन्हींनी कितीतरी बिडीच्या घरांत निर्णय झाला की निदान एक पोर सुपड्यापासून उठवायचं. ते एक पोर बहुतेक मुलगा असायचा. त्याच्या वह्यांचे पैसे बहिणीच्या बिड्यांतून निघायचे. मुलगी बघायला आलेले लोक ती किती बिड्या वळते हे विचारायचे आणि चांगला आकडा ऐकून समाधानाने उठायचे. भावाच्या पदवीमागे बहिणीची अशी किती हजारं लागली, याचा हिशोब या जिल्ह्याने कधीतरी मांडलाच पाहिजे.

एवढं वाचून कुणाला वाटेल की या घरांत नुसता अंधार होता. तसं समजणं त्या माणसांवर अन्याय करणारं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी नंदी घेऊन पोरं घरोघर बोजारा मागत हिंडायची आणि त्या दिवशी सुपडं उचलायला कुणी हाक मारायचं नाही. शरदात मुलींची भुलाबाई. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरायची, रात्रभर दंडार, खडी गंमत, आणि पुढे होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं. बिडीच्या पैशातून बाजूला ठेवलेल्या चार नाण्यांवर पोरांचं सगळं वर्ष टिकून असायचं. माजी मालगुजारी तळ्यांत झिंगे, जंगलात मोहफुलं, चारं, टेंभरं. भाताची पेज आणि लाखोळीची डाळ रोजची. ती डाळ जास्त खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून सरकारने विक्रीवर बंदी घातली होती, पण धान निघाल्यावर बांधीत तीच पेरली जायची आणि गरिबाच्या ताटात तीच यायची. वळता वळता बायका गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायच्या, आणि पोरांना झाडीबोलीची सगळी संपत्ती तिथेच मिळाली. शाळेत गेल्यावर मास्तराने तीच बोली अशुद्ध ठरवली, ही वेगळी जखम.

मे महिन्यात तर घरंच जंगलात जायची. पहाटे उठून तेंदूची कोवळी पानं तोडायची, दुपारी झाडाखाली बसून पन्नास-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. पुडे बांधायला पोरं हवीतच. शाळेला सुट्टी असल्याने कायद्यालाही हरकत नव्हती. वाघ-अस्वलाची भीती होती, आणि तरीही पुष्कळ जण त्या दिवसांबद्दल आनंदाने बोलतात. उन्हात का होईना, ते मोकळ्यावर होते.

साहित्यात याचं काय उतरलं? वसंत मून यांची 'वस्ती' १९९५ साली आली. नागपूरच्या दलित वस्तीतलं लहानपण इतक्या प्रेमाने आणि इतक्या बारकाईने मराठीत फार थोड्यांनी लिहिलं आहे. कौसल्या बैसंत्री यांचं 'दोहरा अभिशाप' १९९९ मध्ये हिंदीतून आलं; त्यात नागपूरच्या मिलमध्ये काम करून मुलींना शिकवणारे आईबाप आहेत. ही दोन्ही पुस्तकं शहरातली. इंग्लंडात रिचर्ड होगार्टने १९५७ मध्ये लीड्सच्या कामगार वस्तीवर लिहिलं, रॉबर्ट रॉबर्ट्सने १९७१ मध्ये सॅल्फर्डच्या गल्ल्यांवर लिहिलं, आणि ऐंशीच्या दशकात एलिझाबेथ रॉबर्ट्सने प्रेस्टन, लँकेस्टर, बॅरो इथल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून विचारून त्यांच्या घरांचा इतिहास लिहिला. चूल, बाळंतपण, पोरांनी आईच्या हातात आणून दिलेली मजुरी, सगळं त्यात आहे. होगार्ट आणि रॉबर्ट रॉबर्ट्स त्या वस्त्यांतच वाढले होते. होगार्ट तर शिष्यवृत्तीवर शिकला. भंडाऱ्यातही बिडी कल्याण निधीच्या शिष्यवृत्तीवर शिकलेली एक पिढी आहे. ती नोकरीला लागली, नागपूर-पुण्याला गेली, आणि तिच्यातल्या अनेकांनी माय बिड्या वळायची हे सांगायचं टाळलं. त्यामागची लाज मला समजते. ती घालवणं हे आता त्याच पिढीच्या हातात आहे.

कारण वेळ थोडा उरला आहे. बिडी कमी झाली. काम स्वस्त मजुरीच्या शोधात बंगालकडे सरकलं, पिणारे घटले, कर वाढला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि १९७६ पासून ज्या उपकरावर कल्याण निधी चालायचा तो उपकरच रद्द झाला. देशात सरकारी नोंदीप्रमाणे अजून पन्नास लाखांच्या आसपास बिडी कामगार आहेत, त्यात बहुतेक बायका. सोलापुरात त्या संघटित झाल्या आणि त्यांनी हजारो घरांच्या वसाहती मिळवल्या. भंडाऱ्यात उरल्या आहेत त्या साठी-सत्तरीच्या. कंबर वाकलेली, बोटांची टोकं जर्द्याने काळी-पिवळी पडलेली, खोकला न संपणारा. त्यांच्या नातवंडांनी सुपड्याला हात लावलेला नाही. ही या जिल्ह्यात झालेली खरी प्रगती आहे आणि ती त्या बायकांनी स्वतः ओढून आणली आहे. पण वीटभट्टीवर, बांधकामावर आईबापांसोबत फिरणारी पोरं आज जिल्ह्यात आहेत, आणि त्यांचंही काम बापाच्याच नावावर मोजलं जातं.

लिहायला कागद नाहीत असं कुणी म्हणू नये. गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये दाखलखारीज नोंदवह्या पडून आहेत, काही शंभर वर्षं जुन्या. नाव, जात, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, एवढे रकाने त्यांत असतात. मोहाडी, तुमसर, साकोली, पवनी या तालुक्यांतल्या दहा-दहा शाळांच्या वह्या घ्याव्यात. मुली कितव्या वर्गातून गेल्या, कोणत्या महिन्यात गेल्या, भाऊ त्याच शाळेत पुढे किती वर्षं राहिला, हे त्यांतून निघेल. मग ती यादी घेऊन त्यांच्यातल्या ज्या हयात आहेत त्यांच्या घरी जावं आणि विचारावं, शाळा सुटली त्या दिवशी घरात किती बिड्या द्यायच्या होत्या. महाविद्यालयातल्या मराठीच्या आणि इतिहासाच्या मुलांना हे काम एका वर्षात करता येण्यासारखं आहे, आणि त्यातल्या कितीतरी मुलांना त्यासाठी स्वतःच्या आजीपलीकडे जावंही लागणार नाही.